पस्तीस टक्क्यावर काढलेली पिन

कॉम्प्युटरनं काहीच लपवलं नोतं. निळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात, शुद्ध मराठीत लिहून देल्लं होतं: 'अपडेट सुरू आहे. ३५% पूर्ण. कृपया आपला संगणक बंद करू नका.' इंग्रजीत असतं तर उत्तमराव ताथोडाले म्हनता आलं असतं का, बावा, आपन सातवी पास, आपल्याले काय समजते त्यातलं. पन मराठीत होतं. वरून 'कृपया' बी होतं. येवढ्या इज्जतीनं तर एसटीच्या वर्कशॉपात बत्तीस वर्सात त्याले कोनं काही सांगतलं नोतं.

पन नळ आला होता.

आता हे ज्याले समजते त्याले समजते. अकोल्यात उत्तमरावाच्या गल्लीत नळ चौथ्या दिवशी येते, कधी पाचव्या. येते तो पहाटे साडेपाचले, अन् तासाभरात जाते. मानूस देवपूजेत असो का दवाखान्यात निघालेला असो, नळ आला का पैले बादली. त्यात धार कशी, तर करंगळीयेवढी. म्हनून त्याले टुल्लू लावा लागते. टुल्लू म्हंजे थे वीतभर मोटर, नळातून पानी ओढून घेनारी. टुल्लू लावनं गुन्हा हाये हे गल्लीत सगळ्यायले माहीत हाये. शेजारचा लावते म्हनून आपल्याले लावाच लागते, हे बी सगळ्यायले माहीत हाये.

टुल्लूची पिन जिथी लागे तो अंगनातला बोर्ड दोन वर्सापासून जळेल होता. उत्तमराव रिटायर मेकॅनिक, अन् मेकॅनिकाच्या घरचा बोर्ड हा जळेलच असते, त्यात काही नवल नाई. मंग वायर खिडकीतून आत घेऊन समोरच्या खोलीतल्या बोर्डात पिन लावाची, असा रिवाज पडला होता. त्या बोर्डात जागा एकाच पिनीची. थे कॉम्प्युटरची. पन पहाटे साडेपाचले कॉम्प्युटर कोन चालू ठेवते?

त्या मंगळवारी होता. सून प्रतीक्षानं आदल्या दिवशी सांगतलं बी होतं, "मामाजी, अपडेट लावून ठेवलं हाये. येळ लागते त्याले. होईन आपोआप. हात नका लावजा बरं."

"मले काय करा लागते त्याले हात लावून!" असं उत्तमराव म्हनला होता.

तर उत्तमराव पिनेपाशी वाकला. चालू इंजिनाच्या बॅटरीची वायर काढू नोय, हे त्यानं बत्तीस वर्स दुसऱ्यायले शिकवलं होतं, शिव्या देऊदेऊ शिकवलं होतं. पाच सेकंद इचार केला. बाहेर शेजारच्या जानरावाचा टुल्लू सुरू झाल्याचा आवाज आला. जानरावाचा सुरू झाला म्हंजे आपल्या नळाची करंगळीची काडी होनार. उत्तमरावानं पिन उपटली.

पडदा काळा झाला. ना धूर, ना ठिनगी, ना आवाज. उत्तमरावाले वाटलं, चला, काही नाई झालं.

त्या दिवशी पानी बी कसं, तर सव्वा तास आलं. टाकं भरलं, दोन डरम भरले, कूलर भरला, गंज भरले, घंगाळ भरलं. मंग त्यानं टुल्लूची पिन काढली, कॉम्प्युटरची लावली, बटन दाबलं अन् पोराच्या परीक्षेचा निकाल पाह्यल्यासारखा समोर उभा राह्यला. पडद्यावर आलं: 'अपडेट पूर्ण करता आले नाही. बदल मागे घेत आहोत.' गोल गोल ठिपके फिरले. बंद झालं. आपोआप चालू झालं. परत तेच. परत ठिपके. चौथ्या खेपेले निळा पडदा आला अन् त्यावर एक रडकं तोंड. दोन टिंबं अन् एक वाकडा कंस, बस. पन बत्तीस वर्सात कोन्या इंजिनानं उत्तमरावाकडे असं पाह्यलं नोतं.

तेवढ्यात प्रतीक्षा चहा घेऊन आली. "मामाजी, हे काय झालं?"

इथी, बाप्पा, मानसानं खरं बोलून टाकावं. एका वाक्याचं काम असते. पन उत्तमरावाच्या तोंडातून वाक्य निंगालं थे असं: "तुनं काल निजतानी काय दाबलं होतं?"

त्यानं खोटं काहीच सांगतलं नाई. नुसतं इचारलं. पन असा प्रश्न सुनेच्या डोस्क्यावर ठेवला का त्याचं उत्तर आपोआप उगवते.

आता त्या कॉम्प्युटरात होतं काय, तर समाजाच्या परिचय मेळाव्याची पुस्तिका. एकशे त्रेचाळीस पोरापोरींचे बायोडाटे, फोटूसकट. नाव, शिक्षन, उंची, मामाचं कूळ, शेती किती, अपेक्षा काय. हा शनिवार सोडून पुढच्या शनिवारी हे सारं छापखान्यात द्याचं होतं, अन् जानराव समितीचा अध्यक्ष. मीटिंगीत उत्तमरावानंच छाती काढून सांगतलं होतं, "आमच्या घरी कॉम्प्युटर हाये. आमची सून करून देईन." अन् तिनं केलं. दोन महिने दुपारची पाठ टेकवली नाई तिनं. लगन होऊन आल्यापासून थे 'श्यामची बायको' होती. श्यामची नोकरी नांदगाव खंडेश्वरले, तो येते रविवारचा. तरी बायको त्याचीच. या पुस्तिकेनं गल्लीतल्या बाया पैल्यांदा तिले नावानं हाका मारू लागल्या. "प्रतीक्षा, आमच्या पोरीची उंची दोन इंच वाढव ना वं." असं.

दुपारपर्यंत गल्लीत झालं: ताथोडाच्या सुनेनं कॉम्प्युटर उडवला.

उत्तमरावानं कोनालेच सांगतलं नोतं. त्यानं फक्त बायकोले, शालूबाईले सांगतलं, का "प्रतीक्षानं काही दाबलं असन." शालूबाईनं समोरच्या सुंदराबाईले सांगतलं, का "आता पोरींले घाईच लय असते." सुंदराबाईले सांगतल्यावर मंग पेपरात द्याची गरज राहत नाई.

जानराव आला. आल्या आल्या खुर्चीवर बसला अन् अध्यक्षासारखा कॉम्प्युटरकडे पाह्यला. "उत्तमराव, पिन काढून बटन तीस सेकंद दाबून ठेवा. अंगातली करंट निंगून जाते."

पिनेचं नाव काढल्याबरोबर उत्तमरावाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्यानं पिन काढली, तीस काय, तीनशे सेकंद बटन दाबलं. अंगठ्याले वळ पडला. रडकं तोंड तसंच.

"मंग रॅम काढा. खोडरबरानं घासा. माह्या साडूचा असाच झालता, रबरानं घासला अन् पळाला."

उत्तमरावानं डब्बा खोलला. आत येवढी धूळ, का गहू पेरला असता तर उगवला असता. एका कोन्यात पालीची दोन अंडी. हिरवी पट्टी काढली, श्यामच्या जुन्या कंपासपेटीतलं रबर आनलं, अन् भांडं घासल्यासारखी घासली. प्रतीक्षा दारात उभी होती. हळूच म्हने, "मामाजी, रॅमचा काय संबंध? अपडेट मधातच तुटलं हाये."

"तू राहू दे," उत्तमराव म्हनला. "तुनं केलं तेवढं पुरे झालं."

म्हनला अन् त्याचं त्यालेच जिभेवर मीठ पडल्यासारखं झालं. प्रतीक्षा आत गेली. जानराव म्हने, "बरोबर हाये, बायांच्या हाती मशीन देऊ नोय." अन् उत्तमरावानं मान हालवली. नाई म्हनासाठी हालवाची होती, पन हालली थे हो म्हनाची. डब्बा लावून झाल्यावर एक इस्क्रू उरला. वर्कशॉपात एखादा उरला तर गाडी चालून जाते. म्हनून त्यानं तो खिशात टाकला.

सुंदराबाईचं म्हननं वेगळं. "अहो भाऊ, येवढ्या पोरीपोरांचे फोटू एका जागी. कोनाची नजर नाई लागनार?" तिनं मीठ-मिरची घेऊन कॉम्प्युटरवरून सात खेपा उतरवली अन् तव्यावर टाकली. खोलीत असा ठसका उठला का जानराव अध्यक्षपद सोडून अंगनात पळाला. उत्तमरावाच्या डोळ्यातून पानी लागलं. त्याले बरं वाटलं. निदान डोळे पुसाले कारन भेटलं.

दोनचार दिवसात घरात काही वेगळंच सुरू झालं. उत्तमराव न सांगता मेथी निवडू लागला. स्वतःचं ताट स्वतः उचलू लागला. एक दिवस तर त्यानं प्रतीक्षाची चप्पल शिवून आनली, जे तुटलीच नोती, नुसती ढिली होती. शालूबाई त्याच्याकडे पाहे अन् म्हने, "तुमची तब्येत बरी हाये नं? का रिपोर्ट लपवून राहिले काही?"

"नाई वं, काही नाई."

"मंग मेथी कायले निवडता?"

प्रतीक्षाचं उलटं झालं. थे मिक्सरचं बटन दाबतानी बी दोन खेपा पाहू लागली. एक दिवस तिच्या मायचा फोन आला, तर उत्तमरावाले मोरीतून ऐकू आलं: "आई, माह्या हाताले यशच नाई वाटते." उत्तमराव मोरीत उभाच राह्यला, अंगावर पानी न घेता, भरलेल्या बादलीकडे पाहत. त्या बादलीतलं पानी मंगळवारचंच होतं.

सातव्या दिवशी प्रतीक्षाच म्हने, "मामाजी, दुकानात नेऊ या." म्हनून दोघं कॉम्प्युटर घेऊन भावना मॅडमकडे गेले. भावना मॅडमचं रिपेरिंगचं दुकान, बाई चाळिशीची, बोल्नं कमी, हात चपळ. डब्बा हालवल्याबरोबर आत काहीतरी खुळखुळलं. "काका, हा कोनं खोलला होता?"

"मी मेकॅनिक हावो," उत्तमराव म्हनला.

"दिसतेच," भावना म्हने.

तिनं वायरी जोडल्या. तीन खेपा चालू-बंद केला, मंग एक वेगळा पडदा आनला. तिथी 'दुरुस्ती' दाबलं, अर्धा तास ठिपके फिरले, काही नाई. मंग म्हने, "शेवटचं अपडेट काढून टाकतो, बहुतेक उघडीन." दाबलं, तर कॉम्प्युटर म्हने, अठ्ठेचाळीस आकड्याची चावी सांगा.

"अठ्ठेचाळीस?" उत्तमराव म्हनला. "मले आधारचे बारा पाठ नाईत!"

"सगळं कुलूपबंद असते काका आत. चावी नसन तर पुसून नवीन टाकून देतो. कॉम्प्युटर चालू होईन. बायोडाटे जातीन."

प्रतीक्षाचा चेहरा पांढरा पडला. भावना मॅडम मान वर न करता म्हने, "मधातच कोनं बंद केलता हा? अपडेट चालू असतानी?"

भिंतीवर एक कॅलेंडर होतं. उत्तमरावानं त्यातल्या एकादश्या वाचाले घेतल्या.

"माह्याच हातून काही झालं असन, मॅडम," प्रतीक्षा म्हने. "निजाच्या घाईत काय दाबलं, मले आठोत नाई."

तिले आठोत नोतं, कारन तिनं काही दाबलंच नोतं. पन नऊ जनायनं नऊ खेपा सांगतलं का मानूस न केलेलं बी आठवाले बसते. उत्तमरावानं तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं, त्याची शपथ घ्या. पन तेवढ्यात भावना मॅडम म्हने, "ज्यानं पैल्यांदा हा कॉम्प्युटर चालू करून देल्ला, त्याच्या खात्यात असते ही चावी. कोनं देल्ता?"

अन् उघडलेलं तोंड तसंच राह्यलं. कॉम्प्युटर देल्ता शेखरनं.

शेखर म्हंजे शालूबाईचा भाऊ, उत्तमरावाचा साळा, अमरावतीले कॉलेजच्या हापिसात. श्यामच्या लग्नात मामाचा आहेर म्हनून त्यानं हा कॉम्प्युटर देल्ता. स्वतःचा वापरलेला, पन स्वच्छ पुसून, सगळं भरून. अन् उत्तमरावानं भर पंगतीत, जिलबी हातात धरून म्हनलं होतं, "मामानं आहेर आनला का भंगार उतरवलं?" पंगत हासली. शेखर पानावरून उठला अन् गेला. तेव्हापासून साळ्या-भाऊजीचं दोन वर्स बोल्नं बंद.

"तू कर ना वं फोन," उत्तमराव बायकोले म्हनला.

"मी नाई करत. बोल्ले तुमी. जा तुमी."

"प्रतीक्षा करीन."

"तिच्या नावावर अजून किती काय टाकता?" शालूबाई म्हने. थे फोनाबद्दलच म्हनली होती. पन उत्तमराव तिच्याकडे पाहू शकला नाई.

गुरुवारी सकाळी त्यानं डब्बा गोधडीत गुंडाळला अन् अमरावतीची एसटी धरली. खिडकीजवळ बसला, गोधडी मांडीवर घेतली, खड्डा आला का दोन्ही हातानं छातीशी धरे. मूर्तिजापूरले एक म्हातारी शेजारी बसली. थोड्या येळानं म्हने, "लेकरू निजलं का भाऊ?"

"व्हय," उत्तमराव म्हनला.

"तोंड तरी उघडं ठेवा त्याचं. जीव घाबरा होईन."

उत्तमरावानं गोधडीचं एक टोक बाजूले केलं. काय करन? एक खोटं बोल्लं का दुसऱ्यानं त्याले वारा घालत बसा लागते. बडनेऱ्यापर्यंत म्हातारी लेकराले निजू द्या म्हनून कंडक्टरले बी हळू बोलाले लावत होती.

शेखरनं दार उघडलं. गोधडी पाह्यली, भाऊजी पाह्यले. "या," म्हने. पानी देल्लं. उत्तमरावानं रस्ताभर पाठ केलेलं सगळं इसरून सरळ चावीच मांगतली.

"भाऊजी, पडद्याचा फोटू काढून पाठवला असता तरी भागलं असतं. डब्बा कायले आनला?"

उत्तमरावानं गोधडीची घडी केली.

मंग शेखर खातं उघडाले बसला. खातं म्हने, तुमीच तुमी हाये हे सिद्ध करा, मेलवर आकडा पाठवला हाये. मेल उघडाले गेला, तर मेल म्हने, जुन्या फोनवर आकडा पाठवला हाये. जुना फोन बंद. फोन बदलाले गेला, तर म्हने, पैले खात्यात शिरा. उत्तमरावाले हे ओळखीचं वाटलं. पेन्शनीच्या येळेस त्याले असंच या टेबलावरून त्या टेबलावर अन् त्या टेबलावरून या टेबलावर फिरवलं होतं, फक्त तिथी मधात चहाची टपरी होती. दीड तास झाला. कॉम्प्युटर शेवटी म्हने, तुमी लय खेपा प्रयत्न केला, आता उद्या या.

शेखर उठला, कपाट उघडलं. आत फायली. लाल, हिरव्या, पिवळ्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. एका फायलीवर लिहिलं होतं: 'शालूताईकडील कॉम्प्युटर'. त्यात देल्ल्या दिवसाचा कागद, अन् त्यावर छापलेले अठ्ठेचाळीस आकडे. ज्यानं भंगार म्हनलं, त्याच्या भंगाराचा कागद या मानसानं दोन वर्स जपून ठेवला होता. उत्तमरावाले वाटलं, गोधडी डोक्यावरून घ्यावी.

"वाचा," शेखर म्हने. उत्तमरावानं वाचलं, शेखरनं टाकलं. चुकलं. सहाचा आठ वाचला होता. परत वाचलं. परत चुकलं, एक ओळ सुटली. तिसऱ्या खेपेले शेखरनं स्वतःचा चष्मा काढून त्याच्या नाकावर ठेवला. अन् उघडलं. शेखरनं अर्धवट अपडेट काढून टाकलं, ठिपके फिरले, अन् पडद्यावर श्यामच्या लग्नाचा फोटू आला. एकशे त्रेचाळीस बायोडाटे जसेच्या तसे. एकाचाही नवरदेवपना गेला नोता.

उत्तमरावानं डोळे पुसले. यावेळी मिरची नोती.

शेखर काहीतरी पाहत होता. बारीक अक्षराची यादी. "भाऊजी," म्हने, "कॉम्प्युटर डायरी लिहिते, माहीत हाये का? कधी चालू झाला, कधी बंद, कसा बंद. हे पाहा. मंगळवार, पहाटे पाच एक्केचाळीस. वीज अचानक गेली. सात वाजून चार मिनिटाले आली."

"लाईट गेली असन."

"ताई फोनवर म्हनली होती, सुनेनं निजतानी काही दाबलं. निजतानीचं तर सगळं बरोबर हाये. अपडेट लावलं, चालू झालं." शेखरनं चष्मा परत घेतला. "तुमच्या गल्लीत नळ किती वाजता येते?"

उत्तमराव पंख्याकडे पाहू लागला. पंखा फिरत होता. येवढा मोठा मानूस, अठ्ठावन्न वर्साचा, ज्याच्यासमोर डेपोतले ड्रायव्हर चळचळ कापत, तो साळ्याच्या खोलीत खुर्चीवर बसून पंख्याची पाती मोजत होता. तीन होती. परत मोजली.

शेखर हासला असता तर बरं झालं असतं. एखादा टोमना मारला असता, भंगाराचा बदला घेतला असता, हिशेब फिटला असता. पन तो नाई हासला. "मी ताईले नाई सांगत," म्हने. "सुनेचं काय करता, थे तुमचं तुमी पाहा."

"शेखर... त्या दिवशी पंगतीत म्या..."

"जेवून जा," शेखर म्हने.

जेवला. ताट बी स्वतः उचललं.

संध्याकाळी पाचले घरी पोचला, तर अंगनात समिती बसेल. जानराव मधात, सुंदराबाई ओट्यावर, अजून चारपाच मानसं. उत्तमराव गोधडी घेऊन आत आला, डब्बा लावला, पडदा उघडला अन् बायोडाटे दिसल्याबरोबर टाळ्या पडल्या. "वाचलो!" जानराव म्हने. मंग गळा साफ करून अध्यक्षी आवाजात म्हने, "पन एक गोष्ट ठरवू. या नऊ दिवसात नवीन फॉर्म येऊन पडले हायेत, एकोनीस. शनिवारी छापखाना. परत धोका नको. टायपिंग बाहेरून करून घेऊ. सूनबाईले राग नको, पन कॉम्प्युटरले आता हात नको."

प्रतीक्षा चहाचे कप घेऊन आली होती. तिनं तबक खाली ठेवलं. कोनाकडे न पाहता आत गेली अन् फॉर्मचा गठ्ठा घेऊन आली. सगळ्या फॉर्मवर तिनं पेन्सिलीनं खुना करून ठेवल्या होत्या: कोनाचा फोटू बाकी, कोनाची जन्मयेळ बाकी. दोन्ही हातानं तो गठ्ठा तिनं जानरावासमोर धरला.

"तसं नाई जानराव," उत्तमराव म्हनला. "त्या अपडेटमधेच काही... कंपनीचंच..." अन् स्वतःचाच आवाज त्याले येवढा घान वाटला का तो थांबला. जानरावानं गठ्ठ्याले हात लावला होता.

"म्या काढली पिन," उत्तमराव म्हनला.

"कोनती पिन?"

"कॉम्प्युटरची. मंगळवारी पहाटे. अपडेट चालू होतं. पडद्यावर लिहिलं होतं बंद करू नका, मराठीत लिहिलं होतं, म्या वाचलं बी होतं. तिनं सांगतलं बी होतं. तरी काढली. टुल्लू लावाचा होता. तिनं काही दाबलं नाई. तिचा काहीच हात नाई त्यात. नऊ दिवस म्या तिच्यावर ढकललं."

उत्तमरावानं मान खाली घातली. आता लोक थुंकतीन, असं त्याले वाटलं. थुंकावं, असं बी वाटलं.

जानरावानं इचारलं, "पन पानी भरलं नं?"

"...भरलं."

"टाकं?"

"टाकं बी."

"मंग ठीक हाये ना बावा!" जानराव म्हने. "नळ आल्यावर मानूस काय करन?"

"अहो, नळापुढे कॉम्प्युटर काय घेऊन बसता," सुंदराबाई म्हने. "म्या एकदा आमच्या यायले अर्ध्या दाढीवर उठवलं होतं." अन् सगळे हासाले लागले. एकानं सांगतलं, त्यानं फ्रिजची पिन काढली होती, आठ दिवसाचं दही गेलं. दुसऱ्यानं सांगतलं, सासऱ्याच्या वाफेच्या मशीनची काढली होती, सासरा शिव्या देत उठून बसला. एका मिनिटात उत्तमरावाले माफी झाली. ज्या अंगनानं न केलेल्या गोष्टीसाठी सुनेले नऊ दिवस माफ केलं नोतं, त्यानं केलेल्या गोष्टीसाठी सासऱ्याले चहा संपाच्या आत माफ करून टाकलं. वरून जानरावानं पाठीवर थाप मारली.

त्या थापेनं उत्तमराव जेवढा शरमला, तेवढा सगळ्या नऊ दिवसात शरमला नोता.

हासली नाई थे फक्त प्रतीक्षा. शालूबाई बी हासली नाई. थे नवऱ्याकडे अशी पाहत होती का आता रातची भाकर भेटते का नाई, काही सांगता येत नोतं. प्रतीक्षानं जानरावाच्या हातातून गठ्ठा परत घेतला. ओढून नाई, पन सोडून बी नाई. "शनिवारी देतो काका छापखान्यात," म्हने, "बाहेर द्याची गरज नाई." अन् आत गेली. सून येवढं बोलल्यावर समितीनं चहा पटकन संपवला.

सगळे गेल्यावर उत्तमराव समोरच्या खोलीच्या दारात उभा राह्यला. प्रतीक्षा कॉम्प्युटरसमोर उभी होती, खुर्ची रिकामी.

"सूनबाई..."

"बसा, मामाजी."

"मी?"

"बसा. मी सांगतो, तुमी टाईप करा."

"मले कुठी येते वं?"

"पिन काढता येते नं?"

उत्तमराव बसला. तिनं पैला फॉर्म हातात घेतला अन् मागं उभी राह्यली, शाळेतल्या बाईसारखी. "नाव लिहा. कुमारी प्रनाली."

उत्तमरावानं पान्याच्या मापाचं बोट वर धरलं अन् अक्षरावर घिरट्या घातल्या. 'क' सापडाले दोन मिनिटं लागली. उकार द्याले गेला, तर वेलांटी पडली. कुमारीची किमारी झाली.

"चुकलं," प्रतीक्षा म्हने.

"खोडतो."

"सगळं नका खोडू. येवढंच अक्षर खोडा."

त्यानं सगळंच खोडलं. परत लिहिलं. घाम कपाळावरून डोळ्यात उतरला. उंची लिहिली, रंग लिहिला, मामाचं कूळ लिहिलं. अपेक्षेच्या रकान्यात पोरीनं लिहिलं होतं, 'मुलगा समजूतदार व खरे बोलणारा असावा'. हे लिहितानी उत्तमरावानं एकदा मागं पाह्यलं. प्रतीक्षा फॉर्मकडे पाहत होती, चेहऱ्यावर काही नोतं.

पाऊन तासानं पैला फॉर्म संपला. बाहेर अंधार पडत आला होता, स्वयंपाकघरातून शालूबाईच्या भाकरीचा थापटा ऐकू येत होता, रोजच्यापेक्षा जोरात. उत्तमरावानं बोट चोळलं. मागं न पाहता, हळूच इचारलं:

"प्रतीक्षा, राग गेला का वं?"

तिनं दुसरा फॉर्म त्याच्यासमोर ठेवला.

"अठरा राह्यले, मामाजी."